कुलदीप बाहेरच का?

2025 ची इंग्लंडमधली मालिका 2-2 सुटली, पण आमच्या घरातला वाद काही सुटला नाही. कुलदीप यादवला पाचपैकी एकाही कसोटीत का खेळवलं नाही?

'फलंदाजी लांब हवी' हे उत्तर मला पटत नाही. लीड्सला आपल्या फलंदाजांनी पाच शतकं ठोकली, तरी इंग्लंडने चौथ्या डावात 371 चं लक्ष्य पाच गडी राखून गाठलं. कमी पडल्या त्या विकेट्स, धावा नव्हेत! याच इंग्लंडचे पाच गडी कुलदीपने 2024 मध्ये धरमशालाला एका डावात काढले होते.

तुम्ही म्हणाल, मँचेस्टरची कसोटी जाडेजा आणि सुंदरच्या नाबाद शतकांनीच वाचली ना? अगदी मान्य. पण इंग्लंडने आधी 669 कुटल्या, म्हणून तर वाचवायची वेळ आली.

जादा फलंदाज सामना वाचवतो. जिंकायला वीस विकेट्स लागतात. ओव्हलला आपण 6 धावांनी जिंकलो, ते सिराजने शेवटच्या डावात पाच गडी काढले म्हणून. मी असतो तर लॉर्ड्सपासून कुलदीपला खेळवलं असतं, एक फलंदाज कमी करून.

बोला मंडळी, तुम्ही कुणाला बसवलं असतं?