चौक विकला, म्हणून तोंडही विकले काय?

दिवाळीच्या खरेदीला सहकुटुंब मॉलमध्ये जाण्याचा प्रघात आता पडला आहे. तेथे कारंजे आहे, बाके आहेत, मुलांना बागडायला अंगण आहे. गावच्या चौकात असते ते सारे आहे. नाही ती एकच गोष्ट : चार माणसांना चार शब्द ऐकवण्याची मुभा! पत्रके वाटू लागा, की रखवालदार बाहेरची वाट दाखवील.

मालक म्हणतो, जागा माझी. असेल! पण हा वाद अमेरिकेत केव्हाच लढला गेला आहे. अलाबामातील चिकासॉ हे गाव रस्त्यांसकट एका जहाजबांधणी कंपनीचे होते. तेथल्या पदपथावर धर्मपत्रके वाटणाऱ्या ग्रेस मार्श या बाईंना अटक झाली. १९४६ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, स्वतःच्या लाभासाठी मालक आपली जागा जितकी लोकांना खुली करतो, तितका त्याचा अधिकार लोकांच्या हक्कांनी मर्यादित होतो.

पुढे तेच न्यायालय कचरले. पोर्टलंडच्या लॉइड सेंटरमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पत्रके वाटणाऱ्यांचा हक्क त्याने १९७२ साली पाच विरुद्ध चार मतांनी नाकारला. म्हणे, बाहेरच्या पदपथावर वाटा! कॅलिफोर्निया मात्र डगमगले नाही. प्रूनयार्ड या बाजारसंकुलात सह्या गोळा करणाऱ्या शाळकरी मुलांचा हक्क त्या राज्याच्या न्यायालयाने १९७९ साली मान्य केला. १९८० साली सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल एकमताने कायम केला. प्रूनयार्ड त्याने बुडाले काय? तो बाजार आजही चालू आहे.

मालकाने वेळ ठरवावी, जागा नेमून द्यावी, गोंगाट थांबवावा. याला कोणाची ना नाही. मजकूर पसंत नाही म्हणून तोंड बंद करणे, ही मात्र व्यवस्था नव्हे, सत्ता आहे.

मुंबईकराला हे निराळे सांगायला नको. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे. गिरणगावात गिरण्यांच्या दारी कामगारांच्या सभा भरत. गिरणीचा मालकही खाजगीच होता. पण दाराबाहेरचा रस्ता लोकांचा होता. आता रस्ताच दाराच्या आत गेला आहे!

घटनेच्या १९व्या कलमातले हक्क सरकारेतरांविरुद्धही बजावता येतात, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बहुमताने म्हटले आहे. ते मॉलच्या दारापर्यंत पोचवायचे, तर बांधकामाची परवानगी देतानाच पालिकेने अट घालावी : एक कोपरा बोलणाऱ्यांसाठी. ज्याला गर्दी हवी, त्याने गर्दीचा आवाजही सोसावा.