साळुंकीची मेडिकल कोणी केली?



गेल्या शनिवारी आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी पिंजऱ्यातली साळुंक्यांची जोडी विकत आणली आणि पोराबाळांच्या हातून गच्चीवरून सोडून दिली. टाळ्या झाल्या, पेढे वाटले. माझी लेकही टाळ्या वाजवत होती, म्हणून मी गप्प बसलो. ते चुकलंच. म्हणून हा मेलप्रपंच.

दुबईत सकाळी साळुंकीचा कलकलाट ऐकला की मलाही सांगलीचं अंगण आठवतं. पण ती मूळची इथली नाही. पिंजऱ्यातून सुटून आखातभर पसरली. म्हणजे आपल्यासारखीच बाहेरून आलेली. फरक एवढाच, की आपल्याला रेसिडेन्सीसाठी मेडिकल करावी लागते, रक्त द्यावं लागतं. तिचं रक्त कोणी तपासलं?

हा नुसता विनोद नाही. पक्ष्यांनाही मलेरिया होतो (तो माणसाला होत नाही, घाबरू नका). डासातून मलेरिया कसा पसरतो हे रोनाल्ड रॉसने १८९८ साली कलकत्त्यात दाखवलं, ते पक्ष्यांवरच! पक्ष्यांचा प्लाझमोडियम मुख्यतः क्युलेक्स डासातून पसरतो. त्याचा भाऊबंद हिमोप्रोटिअस बारीक चिलटांतून आणि पिसांत राहणाऱ्या माश्यांतून.

कोरड्या वाळवंटात डास-चिलटं कमी, म्हणून तिथल्या पक्ष्यांच्या रक्तात हे परजीवी सहसा कमी सापडतात. ही वाळवंटाची फायरवॉल. तिला भोकं माणसानेच पाडली: बारमाही पाण्यावरच्या बागा, गोल्फची मैदानं, कृत्रिम तळी. तिथे साळुंकी, बुलबुल, कावळे आणि डास एकत्र नांदतात. आणि कुंपणापलीकडे राहतो हुबारा, माळढोकाच्या कुळातला, आधीच जागतिक यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलेला.

काय होऊ शकतं ते हवाईत दिसलं. ते वाळवंट नाही, पण तिथल्या पक्ष्यांनीही हा रोग कधी पाहिलेला नव्हता. १८२६ च्या सुमारास जहाजांवरून क्युलेक्स डास पोचला, पुढे बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर मलेरिया. तिथल्या हनीक्रीपर पक्ष्यांच्या ५० हून अधिक जातींपैकी आज १७ च्या आसपास उरल्या. जंगलतोड आणि उंदीरही कारणीभूत आहेत, पण मलेरियाचा वाटा मोठा. ‘ईईवी’ या लाल पक्ष्यावरच्या प्रयोगात बाधित डासाच्या एकाच चाव्याने १० पैकी ९ दगावले. आता २०२३ पासून माउई बेटावर मुद्दाम वाढवलेले नर डास सोडतात, माद्यांची अंडी उबू नयेत म्हणून. आधी आणायचं, मग निस्तरायचं!

कोणी म्हणेल, स्थलांतरित पक्षीही परजीवी आणतातच की. आणतात. पण त्यातले बहुतेक ऋतू संपला की जातात. साळुंकी बारा महिने डासांच्या शेजारीच राहते. तिने नवीन काही आणलं नाही तरी इथलाच परजीवी तिच्या रक्तात वर्षभर टिकू शकतो. आखातातल्या साळुंक्या आजारी आहेत असं मी म्हणत नाही. पुष्कळ पक्षी परजीवी अंगावर घेऊन मजेत जगतात. पण जे यजमानाला पचतं ते शेजाऱ्याला पचेलच असं नाही. टेस्टिंग न करता कोड थेट प्रॉडक्शनला टाकला तर मॅनेजर काय करेल ते आपण जाणतोच. इथे तर रोलबॅकही नाही.

२००० साली जगातल्या १०० घातक उपऱ्या जातींची एक यादी निघाली. त्यात पक्षी तीनच, आणि त्यातले दोन आपल्याकडचे: साळुंकी आणि लालबुड्या बुलबुल. अभिमान बाळगावा असं हे नाही.

तेव्हा विनंती इतकीच. पिंजऱ्यातला पक्षी सोडून पुण्य मिळवू नका; मुळात विकतच घेऊ नका. बाल्कनीत पाणी ठेवत असाल तर भांडं रोज घासून भरा, कुंड्यांखालच्या ताटल्या कोरड्या ठेवा. इथल्या उन्हाळ्यात आठवडाभरात अंड्याचा डास होतो.

काकांशी मी उद्या बोलणार आहे. ते रागावतील. लेकीला मात्र आजच सांगितलं. ती म्हणाली, “मग बाबा, तेव्हाच का नाही बोललास?” उत्तर नव्हतं.

चूकभूल द्यावी घ्यावी.

आपला,
एक सांगलीकर, मुक्काम दुबई