हातपाय शाबूत आहेत, म्हणून माणूस बरा झाला?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण गाळप हंगाम तोंडावर आलाय, रस्त्यावर ट्रॉल्या दिसायला लागल्यात, म्हणून आजच लिहितोय. यातली निम्मी माहिती आम्हाला वेळेत मिळाली असती तर माझी आणि माझ्या भावजयीची बरीच पायपीट वाचली असती.

मागच्या हंगामात माझा धाकटा भाऊ सेकंड शिफ्ट करून एमआयडीसीतून घरी येत होता. वळणावर उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी. मागे रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, साधा दगड किंवा झाडाची फांदीसुद्धा ठेवलेली नाही. हा थेट मागून आदळला. हेल्मेट आरशाला अडकवलेलं होतं, तेही सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. डोक्याला मार, मेंदूत रक्तस्राव, ऑपरेशन, अकरा दिवस आयसीयू.

इथपर्यंत सरकार आमच्यासोबत होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ऑपरेशनचा बराचसा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून निघाला. आता पिवळं, केशरी, पांढरं असं कुठलंही रेशनकार्ड असलं तरी कुटुंबाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. शिवाय २०२५ पासून केंद्राची रस्ते अपघातांसाठी वेगळी कॅशलेस योजना आहे, पहिले ७ दिवस, दीड लाखापर्यंत. दवाखान्यात गेल्या गेल्या आरोग्यमित्राला गाठा, रेशनकार्ड आणि आधार घरून मागवून घ्या.

खरी गोष्ट डिस्चार्जनंतर सुरू होते. भाऊ स्वतःच्या पायांनी चालत घरी आला. गल्लीतले लोक भेटायला आले. "देवाची कृपा, हातीपायी धड आहे." आम्हालाही तसंच वाटलं. पंधरा दिवसांत कळलं की घरी परत आलेला माणूस वेगळाच आहे. एकच प्रश्न तासात चारदा विचारतो. दूध करपून धूर झाला तरी त्याला वास येत नाही. ज्या पोराला कधी रागावला नाही त्याच्यावर ताट फेकलं, आणि संध्याकाळी त्याला ते आठवेना. आठ वर्षं सीएनसी मशीन चालवणारा माणूस, कंपनीने परत घेतलं, चौथ्या दिवशी सुपरवायझरने फोन केला, "दादा, याला घेऊन जा, हात अडकवून घेईल." भावजय आता शिलाईचं काम घेते, पण त्याला एकट्याला सोडता येत नाही. म्हणजे एका अपघातात दोन माणसांची कमाई गेली. शेजारी मात्र अजून म्हणतात, "दिसतोय तर चांगला, कामाचा कंटाळा असेल."

शेजाऱ्यांना मी दोष देत नाही. आपल्या योजनाही नेमकं तेच म्हणतात.

वर्षाला २० रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना घ्या. भावाच्या खात्यातून हप्ता जात होता. २ लाख कशाला मिळतात? मृत्यू झाला, किंवा दोन डोळे, दोन हात, दोन पाय गेले, नाहीतर एक डोळा आणि एक हात किंवा पाय गेला तर. एकच गेला तर १ लाख. स्मरणशक्ती गेली तर? रकानाच नाही. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचा कागद काढला, तिथेही हिशोब डोळ्यांचा आणि हातापायांचा. कृषी कार्यालयातला माणूस भला होता, तो म्हणाला, "साहेब, हात गेला असता तर मी आजच केस पाठवली असती." त्याला वाईट वाटत होतं, मलाही. पण काय विचित्र वाक्य आहे ते, जरा बघा.

मग म्हटलं दिव्यांग प्रमाणपत्र काढू. युडीआयडीसाठी ऑनलाइन अर्ज केला, बोर्डाची तारीख मिळाली. डॉक्टरांनी हाताची पकड बघितली, चालायला लावलं, गुडघ्यावर हातोडी मारली. १० टक्के. पाच मिनिटांत विषय संपला. ४० टक्क्यांच्या खाली असलं की संजय गांधी निराधार योजनेचं दारसुद्धा उघडत नाही.

इथे थोडा कायदा सांगतो, कारण घरी येऊन मी तो शब्दन् शब्द वाचलाय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. मेंदूला मार लागणं हा वेगळा प्रकार मात्र त्यात नाही. पण दोन खिडक्या आहेत. मेंदूच्या इजेमुळे बोलणं, शब्द सापडणं किंवा समजणं कायमचं गेलं असेल तर ते 'वाचा व भाषा दिव्यांगत्व' यात बसतं. आणि 'मानसिक आजार' याच्या व्याख्येत विचार, मनःस्थिती, स्थळकाळाचं भान आणि स्मृती यांतला असा गंभीर बिघाड धरलाय ज्याने माणसाचं वागणं, निर्णय आणि रोजचं जगणं कोलमडतं. आमच्या घरात जे चाललंय ते हेच. त्याची तपासणी हाडांचे डॉक्टर करत नाहीत, मानसोपचारतज्ज्ञ करतात. त्यांची मोजपट्टी वेगळी असते: स्वतःची काळजी घेतो का, माणसांशी कसा वागतो, बोललेलं समजतं का, काम जमतं का.

हे मी घरी सांगितलं आणि आई उठून आत गेली. "माझा पोरगा वेडा नाही. कार्डावर तसलं काही लिहून आणू नका. उद्या नातीचं लग्न करायचंय." दोन महिने त्यात गेले. आईला काय सांगणार? तिचं चुकतंय, पण तिची भीती खोटी नाही, आपल्याच गावात आपण असल्या कार्डाकडे कसं बघतो ते आपल्याला माहीत आहे. शेवटी भावजयच म्हणाली, "आत्या, लोक काय म्हणतील ते मी बघते, आधी यांना औषध आणि घरात पैसा पाहिजे."

म्हणून माझं म्हणणं आहे की मेंदूच्या इजेला कायद्यात स्वतःचं नाव पाहिजे. त्यासाठी संसदेत कायदा बदलायचीही गरज नाही. अधिसूचना काढून केंद्र सरकार यादीत नवा प्रकार घालू शकतं, ती तरतूद त्याच परिशिष्टात आहे. मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हे विचारा. आणि तोवर प्रत्येक बोर्डाने निदान एवढं करावं, डोक्याला मार लागलेला माणूस समोर आला की त्याची स्मृती आणि वागणूक तपासल्याशिवाय टक्केवारी लिहू नये.

न्यायालयांना ही गोष्ट कधीच कळलेली आहे. शरीराचं अपंगत्व किती टक्के आणि कमाईची ताकद किती टक्के गेली, हे दोन वेगळे आकडे आहेत असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय. २०२० चा एक निकाल तर वाचाच. बारा वर्षांच्या मुलीच्या डोक्याला २००७ मध्ये ट्रॅक्टरच्या अपघातात मार बसला. न्यायाधिकरणाने साधारण ११ लाख दिले, हायकोर्टाने ते २५ लाखांवर नेले, सुप्रीम कोर्टाने ६२ लाखांवर. का, तर तिला जन्मभर सांभाळायला माणसं लागणार आणि त्या माणसांचं काम फुकट धरता येत नाही. माझी भावजय जे करते त्याला तिथे किंमत आहे.

पण तिथे पोचायचं तर घड्याळ आयसीयूतच सुरू होतं. मोटार अपघात दाव्यासाठी कायद्याने अपघातापासून ६ महिन्यांची मुदत घातलीय. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. आमच्या केसमध्ये पोलिसांनी आधी 'स्वतःच्या चुकीने अपघात' असंच लिहिलं होतं. ट्रॉलीचा नंबर पंचनाम्यात यावा म्हणून मी चार चकरा मारल्या आणि मुदत संपायला नऊ दिवस असताना दावा दाखल झाला. हेल्मेट नव्हतं म्हणून काही रक्कम कापली जाईल असं वकील म्हणतात, कापू देत. धडक देऊन गाडी पळून गेली असेल तरी रिकाम्या हाताने बसू नका, गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास २ लाख मिळतात, अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयात.

सगळ्यात मोठी चूक आमची ईएसआयची. पगारातून ईएसआय कापलं जात होतं आणि ते फक्त दवाखान्यापुरतं असतं असं आम्ही समजत होतो. कामावर जाताना किंवा येतानाचा अपघात हा कामावरचाच अपघात धरला जातो आणि त्यासाठी पगाराच्या ९० टक्के दराने भत्ता असतो, हे आठ महिन्यांनी त्याच्या शिफ्टमधल्या एका पोराने सांगितलं. कंपनीने नाही. आता अर्ज केलाय, कागद मागतायत. एमआयडीसीत कामाला असाल तर स्लिप काढून आजच बघा. भाऊबंद सरकारी नोकरीत असेल तर लक्षात ठेवा, नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून त्याला काढता येत नाही आणि खालच्या पदावरही टाकता येत नाही.

आणि गाडीचा विमा. मालक स्वतः चालवत असेल तर १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, त्यात कायमचं पूर्ण अपंगत्वही येतं, फक्त हातपाय नाही. आमचा विमा तीन महिन्यांपूर्वी संपला होता. साडेसातशे-हजार रुपयांसाठी राहून गेला.

डिस्चार्ज कार्ड घेताना डॉक्टरांना विनंती करा की विसरणं, राग, वास न येणं, जे जे दिसतंय ते त्यात लिहा. घरी एक वही ठेवा, तारीख टाकून रोजच्या दोन ओळी. आमच्या भावजयीची तशी वही आहे, शिलाईच्या हिशोबाच्या मागच्या पानांवर. बोर्डापुढे तीच नेणार आहोत.

बुधवारी परत तारीख आहे, या वेळी मानसोपचार विभागात. आईसुद्धा यायचं म्हणतेय. काय होतं ते इथेच लिहीन. कुणाच्या घरात असा पेशंट असेल तर मेसेज करा, कागदांची यादी आणि अर्जाचे नमुने पाठवतो. आणि तुमच्या ओळखीत कुणाची ट्रॉली असेल तर त्याला सांगा, मागे रिफ्लेक्टर लाव.