दिवा आपला, डोळे दुसऱ्याचे

गेल्या पावसाळ्यात धाकट्या भावाच्या गॅरेजमध्ये बसलो होतो. वरच्या वाडीचा एक जीपवाला आला आणि त्यानं बंपरवरून काढलेला लाइटबार टेबलावर ठेवला. काचेच्या आत पाणी साचलेलं, निम्मे एलईडी गेलेले. "मिस्त्री, डब्यावर ३०० वॉट लिहिलंय. चार महिनेसुद्धा टिकला नाही." त्याच्याकडे तसाच एक नवा बारही होता. भावानं तो बॅटरीला जोडून मीटर लावला. काटा ३ अँपिअरवर थांबला. १२ गुणिले ३, म्हणजे ३६ वॉट. जीपवाला थोडा वेळ मीटरकडे बघत राहिला, मग म्हणाला, "जाऊ द्या, तुम्हीच बनवा."

आमचं गॅरेज कराड-चिपळूण रस्त्यालगत, कोयना खोऱ्यात आहे. अब्बा ऑटो इलेक्ट्रिशियन. डायनॅमो भरणं, सेल्फ दुरुस्त करणं, जुन्या जीपचं वायरिंग नव्यानं ओढणं, यावर त्यांनी घर चालवलं. आता भाऊ बसतो. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालात मुसलमान मोठ्या संख्येनं ज्या धंद्यांत आहेत त्यांत वाहनदुरुस्तीचा उल्लेख आहे. आम्हाला तो वाचून कळायची गरज नव्हती. आमच्या नात्यागोत्यात दर दुसऱ्या घरी कुणी पंक्चर काढतो, कुणी वेल्डिंग करतो, कुणी वायरिंग.

डोंगरातल्या वाड्यांना जाणाऱ्या जीपला दिवा ही हौस नसते. पावसात वाट वाहून गेलेली असते, ओढा कुठवर चढलाय ते दिसत नाही, आणि मागच्या सीटवर कुणी कळा देत असतं किंवा कुणाला साप चावलेला असतो. जुन्या जीपचे मूळ दिवे अशा वेळी मेणबत्तीसारखे. वर ५५ वॉटचे दोन हॅलोजन लावावेत, तर पहिल्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीचा अल्टरनेटर तेवढा करंट देत नाही आणि बॅटरी उतरते. म्हणून एलईडी. कमी करंटमध्ये जास्त उजेड.

पण एलईडी विकत आणून डब्यात चिकटवले की दिवा होतो, असं नाही. बाहेरून पाहणाऱ्याला काम सोपं वाटतं, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

पहिला शत्रू उष्णता. एलईडी हाताला बल्बसारखा पोळत नाही, म्हणून लोकांना तो थंड वाटतो. प्रत्यक्षात त्याची उष्णता पाठीमागून निघते आणि तिला वाट दिली नाही तर तो स्वतःच्याच तापानं मरतो. भाऊ जुन्या संगणकातले अॅल्युमिनियमचे हिटसिंक भंगारातून आणतो, पाठ घासून सपाट करतो, थर्मल पेस्टचा अगदी पातळ थर देतो. १० वॉटच्या एलईडीला तो ६-७ वॉटच देतो. दिवा अर्धा तास जागेवर पेटवून ठेवायचा आणि पाठीला हात लावायचा. हात ठेवता येत नसेल तर दिवा गाडीवर जात नाही.

दुसरा शत्रू व्होल्टेज. एका पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. मग ४ एका ओळीत जोडले की १२ व्होल्टचा हिशेब जुळला, असं नवशिक्याला वाटतं. पण इंजिन चालू झालं की गाडीत १४ व्होल्टच्या आसपास असतात, आणि एलईडीचा स्वभाव असा की व्होल्टेज किंचित वाढलं तरी करंट भरमसाट वाढतो. म्हणून करंट बांधून ठेवणारा ड्रायव्हर हवाच. शिवाय बॅटरीजवळ फ्यूज आणि मध्ये रिले. फ्यूज वाचवायला गेलेल्यांच्या जळालेल्या जीप अब्बांनी पाहिल्या आहेत.

तिसरा शत्रू पाणी. तापलेला दिवा ओढ्यात बुडाला की एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि पाणी फटीतून आत ओढलं जातं. त्या लाइटबारचं हेच झालं होतं. भाऊ सगळीकडून सिलिकॉन भरतो आणि मागून एक बारीक नळी काढून वर बोनेटखाली नेतो. दिवा श्वास घेतो, पण कोरड्या जागेतून. असा चार एलईडींचा २५ वॉटचा दिवा ५५ वॉटच्या हॅलोजनपेक्षा जास्त उजेड देतो. एखादा एलईडी गेलाच तर तेवढाच बदलता येतो, अख्खा बार फेकावा लागत नाही.

याला आपल्याकडे एकच शब्द आहे: जुगाड. कौतुकानं म्हणतात, पण त्यात "तात्पुरतं, अडाणी" हेही असतंच. ज्या निळ्या एलईडीमुळे पांढरा एलईडी शक्य झाला, त्यासाठी २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तिघा मानकऱ्यांपैकी शुजी नाकामुरा जपानमधल्या तोकुशिमाच्या एका छोट्या कंपनीत काम करत होते. यंत्र हवं तसं चालेना, तेव्हा ते स्वतःच्या हातांनी उघडून, जोडून, बदलून त्यांनी काम पुढे नेलं. त्याला आपण संशोधन म्हणतो. माझा भाऊ नाकामुरा आहे असा दावा नाही. पण मोजून, तपासून, चूक सुधारून केलेल्या कामाला जुगाड म्हणणं मला पटत नाही.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हे लिहिण्यात अर्थ नाही.

चार वर्षांपूर्वी भावानं बनवलेले दोन दिवे एका गिऱ्हाइकानं डोंगरात न पेटवता हमरस्त्यावर पेटवले. समोरून मोटारसायकलवर दूधवाला येत होता. त्याच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि गाडी चरात गेली. जीव वाचला, पाय मोडला. गिऱ्हाईक म्हणालं, दिवा मिस्त्रीनं केला. भाऊ म्हणाला, मी रानासाठी दिला होता, रस्त्यावर पेटवायला नाही. घरी यावर बराच वाद झाला. मी भावाची बाजू घेतली. अब्बा सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "वायर कुणी जोडली?"

दुसऱ्या दिवशी भाऊ दूधवाल्याच्या घरी गेला. नंतर त्यानं दोन गोष्टी बदलल्या. आता त्याच्या दिव्याचा रिले गाडीच्या अपरवरून चालतो. डिपर केलं की दिवा बंद, गिऱ्हाइकाची इच्छा असो वा नसो. आणि प्रत्येक दिव्याबरोबर ताडपत्रीचं कव्हर, डांबरी लागली की चढवायचं. "समोरच्याचे डोळे दिपले पाहिजेत" असं म्हणत येणाऱ्या पोरांना तो परत पाठवतो. ती पोरं शेजारच्या दुकानात जातात, तिथे त्यांना हवं ते मिळतं. धंद्याचं नुकसान होतं, हे मी डोळ्यांनी पाहतो.

कायद्यानं पाहिलं तर १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. रस्त्यावर ते योग्यच आहे. गावठी असो की कंपनीचा, रानातला दिवा रस्त्यावर पेटवणाऱ्याला दंड झाला तर माझी तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. वाहनांचे दिवे तपासणारी एआरएआयसारखी मोठी संस्था पुण्यात आहे, पण गल्लीतल्या मिस्त्रीनं चार दिव्यांसाठी तिथे जाणं शक्य नाही. प्रत्येक तालुक्यात मात्र आयटीआय असतं. तिथल्या एका अंधाऱ्या खोलीत रेघा आखलेली भिंत, एक लक्समीटर आणि महिन्यातून एक दिवस मिळाला, तर दिव्याचा झोत किती आणि कुठे पडतो ते कुणालाही मोजता येईल. मिस्त्रीला आपली चूक कळेल, गिऱ्हाइकाला डब्यावरचं खोटं कळेल.

आपल्या लोकांनाही एक सांगायचं आहे. आमच्या हातात हुन्नर आहे, पण सनद नाही, असं आपण नेहमी म्हणतो. ते खरं आहे. पण गिऱ्हाईक मागेल ते जोडून द्यायचं आणि नंतर हात झटकायचे, असं केलं तर ती सनद मागायचं तोंड आपल्याला राहत नाही.

वरच्या वाडीच्या त्या जीपचे दिवे तयार झाले, तेव्हा भावानं पैसे घेण्याआधी जीपवाल्याला रस्त्याच्या पलीकडे उभं केलं. स्वतः जीपमध्ये बसून दिवे पेटवले. जीपवाल्यानं डोळ्यांवर आडवा हात धरला. भावानं डिपर केलं, अंधार झाला.

"आता कळलं?" त्यानं विचारलं. मग कव्हर त्याच्या हातात दिलं.