दुपारच्या चारचा चहा

अंधेरीहून बोरिवली स्लो. चौथी सीट मिळाली म्हणून खूश होते, तेवढ्यात दादाचा मेसेज : ‘आजीसाठी एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय.’

आठवड्यापूर्वी आजी बाथरूममध्ये घसरली. फ्रॅक्चर नाही, पण घर हादरलं. सकाळी नऊ ते रात्री आठ आजी एकटी. (मी फ्रीलान्सर, म्हणजे दिवसभर घरीच, हा सगळ्यांचा गोड गैरसमज!)

रविवारी आजीलाच विचारलं, ‘‘भीती कसली वाटते गं?’’ म्हणाली, ‘‘दुपारची. चारला एकटीने चहा करताना वाटतं, आत्ता पडले तर तुम्हाला कळणार रात्री.’’

म्हणजे प्रश्न चोवीस तासांचा नव्हताच! मग बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली. एक किल्ली शेजारच्या काकूंकडे. पोळ्यांच्या मावशी सकाळऐवजी तीनला येतात आणि चहा दोघी मिळून घेतात. संध्याकाळी आजी ज्येष्ठ नागरिक संघात. बोरिवली असो की मुलुंड, असे संघ आपल्या आसपास असतात. आपलंच लक्ष नसतं. ‘फेसकॉम’ हा त्यांचा राज्यभरातला महासंघ.

आणखीही पर्याय आहेत. 1995 पासून मुंबईत काम करणारं डिग्निटी फाउंडेशन एकट्या ज्येष्ठांना सोबत मिळवून देतं. पैसे भरून तरुण सोबती हवा असेल, तर 2022 साली सुरू झालेली, रतन टाटांनी पैसे गुंतवलेली ‘गुडफेलोज’ आहे. आणि 14567 ही ‘एल्डरलाइन’, ज्येष्ठांसाठीची सरकारी, मोफत हेल्पलाइन, मोबाइलमध्ये आत्ताच सेव्ह करा. माहिती, सल्ला, नुसतं मन मोकळं करणं, कशासाठीही चालते.

एवढ्याने सगळ्यांचं भागेल असं मुळीच नाही. डिमेन्शिया वाढला, माणूस अंथरुणाला खिळला, तर चोवीस तासांची देखभाल लागते. तेव्हा वृद्धाश्रम निवडणारा वाईट ठरत नाही. पण तो शेवटचा पर्याय असावा, घाबरून घेतलेला पहिला नव्हे. आणि निर्णयाआधी ज्याचं आयुष्य आहे त्याला एकदा विचारावं, बस्स.

परवा साडेपाचला आजीला फोन केला. उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. माझा जीव टांगणीला! वीस मिनिटांनी तिचाच फोन : ‘‘संघात अंताक्षरी चालू होती गं. इतकं काय अर्जंट होतं?’’