निधी खर्च झाला, पण शस्त्रे कधी?

संरक्षण मंत्रालयाने २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या पहिल्या दोन तिमाहींचा हिशेब जाहीर केला, तेव्हा त्यात एक समाधानाची बाब होती. भांडवली खर्चासाठी मिळालेल्या १ लाख ८० हजार कोटी रुपयांपैकी ९२ हजार २११ कोटी रुपये, म्हणजे ५१.२३ टक्के रक्कम सप्टेंबर २०२५ अखेर खर्ची पडली होती. भांडवली तरतुदीचा मोठा भाग शेवटच्या तिमाहीपर्यंत पडून राहतो आणि मार्चमध्ये धावपळ उडते, ही या मंत्रालयाबाबतची जुनी तक्रार आहे. त्या तुलनेत अर्ध्या वर्षात निम्म्याहून अधिक खर्च, ही प्रगतीच म्हणावी लागेल. परंतु त्याच सप्टेंबर महिन्याच्या २६ तारखेला चंदीगड येथे मिग-२१ विमानांना अखेरचा निरोप देण्यात आला आणि हवाई दलातील लढाऊ स्क्वाड्रनची संख्या २९ वर आली. मंजूर संख्या ४२ आहे. खर्चाचा आलेख वर जात असताना प्रत्यक्ष बळाचा आलेख खाली यावा, हे कोडे उलगडल्याशिवाय संरक्षण प्रशासनाच्या कामगिरीचे मोजमाप होऊ शकत नाही.

शंभर टक्क्यांचा अर्थ

२०२४-२५ या वर्षात भांडवली निधीचा शंभर टक्के विनियोग झाला, असे मंत्रालयाने सांगितले होते. खर्च झालेली रक्कम होती १ लाख ५९ हजार ७६८ कोटी रुपये. हा दावा खोटा नाही. मात्र तो सुधारित अंदाजाच्या तुलनेत केलेला आहे. वर्षारंभी अर्थसंकल्पात १ लाख ७२ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. म्हणजेच सुमारे १२ हजार कोटी रुपये वाटेतच कमी झाले आणि उरलेल्या रकमेच्या आधारे शंभर टक्क्यांचा हिशेब मांडला गेला. हा प्रकार नवा नाही. २०१५-१६ मध्ये ९४ हजार ५८८ कोटींची भांडवली तरतूद असताना प्रत्यक्ष खर्च सुमारे ८० हजार कोटींवरच थांबला होता.

ही कपात होते कशी, हे समजून घेण्यासाठी तिमाहींचे गणित पाहावे लागते. तिसऱ्या तिमाहीत अर्थ मंत्रालय सर्व खात्यांशी सुधारित अंदाजांवर चर्चा करते. त्या बैठकीत पहिल्या सहा महिन्यांचा खर्च हाच मुख्य पुरावा असतो. ज्या खात्याचा खर्च सप्टेंबरअखेर मागे पडलेला असेल, त्याच्या तरतुदीला कात्री लागते. त्यामुळेच ५१ टक्क्यांचा आकडा महत्त्वाचा ठरतो. तो गाठल्याने मंत्रालयाची बाजू भक्कम होते आणि पुढील मागणीला आधार मिळतो.

मार्चचा शेवटचा आठवडा

अखेरच्या तिमाहीत ३३ टक्क्यांपेक्षा आणि एकट्या मार्च महिन्यात १५ टक्क्यांपेक्षा अधिक खर्च होऊ नये, असे बंधन अर्थ मंत्रालयाने केंद्रीय खात्यांवर घातलेले आहे. वर्षाच्या शेवटी खर्चाची घाई करणे हा आर्थिक शिस्तीचा भंग मानला जातो. हे बंधन खर्चावर आहे, करारांवर नाही. त्यामुळे मार्चअखेरची लगबग करारांच्या रूपाने दिसते.

२०२४-२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने १९३ करार केले आणि त्यांचे एकूण मूल्य २ लाख ९ हजार कोटी रुपयांहून अधिक होते. त्यापैकी १७७ करार देशी उद्योगांशी झाले, ही निश्चितच उल्लेखनीय गोष्ट आहे. पण या करारांच्या तारखा पाहिल्या तर वेगळे चित्र दिसते. २६ मार्च २०२५ रोजी ओढून नेण्याच्या अत्याधुनिक तोफांसाठी व त्यांच्या वाहनांसाठी सुमारे ६ हजार ९०० कोटींचा, दुसऱ्या दिवशी रणगाडाविरोधी ‘नाग’ यंत्रणा व हलक्या वाहनांसाठी सुमारे अडीच हजार कोटींचा आणि २८ मार्चला १५६ ‘प्रचंड’ हेलिकॉप्टरसाठी ६२ हजार ७०० कोटींचा व्यवहार झाला. वर्षभराच्या एकूण मूल्यापैकी एक तृतीयांशाहून अधिक वाटा मार्चमधील या तीन दिवसांचा होता.

यातील ‘प्रचंड’चे पहिले उड्डाण २९ मार्च २०१० रोजी झाले होते. म्हणजे मोठ्या संख्येच्या मागणीवर सही होईपर्यंत पंधरा वर्षे लोटली. मधल्या काळात, २०२२ मध्ये, केवळ १५ हेलिकॉप्टरच्या मर्यादित उत्पादनाला मंजुरी मिळाली होती. पुण्याच्या ‘एआरडीई’ या प्रयोगशाळेत आराखडा तयार झालेल्या तोफांनाही विकास आणि चाचण्यांत दशकाहून अधिक काळ लागला.

ऋतूंचे वेळापत्रक

विलंबाचे खापर केवळ लाल फितीवर फोडणे सोपे आहे. पण ते पूर्णतः न्याय्य नाही. शस्त्रखरेदी ही अन्य सरकारी खरेदीसारखी नसते. तोफेची चाचणी राजस्थानच्या वाळवंटात भर उन्हाळ्यात व्हावी लागते आणि सिक्कीमसारख्या उंच प्रदेशात थंडीतही. एक हंगाम हुकला की पुढील हंगामाची वाट पाहावी लागते. आर्थिक वर्षाच्या चार तिमाही आणि चाचण्यांचे ऋतू यांचा मेळ बसत नाही, तो त्यामुळेच.

त्यात प्रशासकीय टप्प्यांची भर पडते. गरजेला संरक्षण खरेदी परिषदेची मान्यता, निविदा, तांत्रिक मूल्यमापन, चाचण्या, किमतीच्या वाटाघाटी, वित्त विभागाची संमती आणि मोठी रक्कम असल्यास मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीचा निर्णय, अशी ही वाट आहे. मंत्रालयात आज पाच विभाग आहेत. त्यांतील लष्करी व्यवहार विभाग डिसेंबर २०१९ मध्ये झालेल्या निर्णयानुसार संरक्षण दलप्रमुखांच्या हाती सोपविण्यात आला. गणवेशधारी अधिकाऱ्यांना मंत्रालयाच्या रचनेत स्थान मिळाले, हा मोठा बदल होता. मात्र दुसऱ्याच्या टेबलावरील विलंबाला जबाबदार कोण, हा प्रश्न त्याने सुटलेला नाही.

व्यवस्था मनावर घेते तेव्हा ती धावू शकते, हेही दिसून आले आहे. जून २०२५ मध्ये दहशतवादविरोधी कारवायांसाठी १३ करार तातडीच्या खरेदीच्या अधिकारांतून झाले. त्यांचे मूल्य १ हजार ९८१ कोटी ९० लाख रुपये होते. उरी, बालाकोट आणि गलवाननंतरही अशीच तातडीची खरेदी झाली होती. पण प्रत्येक संकटानंतर अपवादात्मक मार्ग वापरावा लागत असेल, तर नेहमीचा मार्ग किती अडखळत चालतो याचीच ती कबुली ठरते.

नाशिकची धावपट्टी

खर्च आणि बळ यांतील अंतराचे सर्वात ठळक उदाहरण ‘तेजस मार्क-१ए’ हे आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सशी ८३ विमानांचा करार झाला. २०२४ पासून ती मिळणे अपेक्षित होते. अमेरिकी कंपनीकडून पहिले इंजिन आले मार्च २०२५ मध्ये. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकच्या कारखान्यात या विमानाच्या तिसऱ्या उत्पादन साखळीचे उद्घाटन झाले आणि तेथे तयार झालेले पहिले विमान आकाशात झेपावले. महाराष्ट्रासाठी तो अभिमानाचा क्षण होता. परंतु त्या दिवसापर्यंत या प्रकारचे एकही विमान हवाई दलाच्या सेवेत दाखल झालेले नव्हते. तोवर मंत्रालयाने आणखी ९७ विमानांसाठी ६२ हजार ३७० कोटींचा दुसरा करारही केला होता. वेळेत पूर्ण झालेला एकही प्रकल्प आठवत नाही, असे हवाई दलप्रमुख अमरप्रीत सिंग यांनी मे २०२५ मध्ये उद्योजकांसमोर जाहीरपणे सांगितले, ते याच पार्श्वभूमीवर.

मुंबईतील माझगाव गोदीचा अनुभवही निराळा नाही. सहा स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार २००५ चा. पहिली ‘कलवरी’ डिसेंबर २०१७ मध्ये आणि सहावी ‘वागशीर’ जानेवारी २०२५ मध्ये नौदलात आली. गोदीतील कामगारांनी आणि अभियंत्यांनी अवघड कौशल्य आत्मसात केले, पण एक मागणी पूर्ण करण्यास वीस वर्षे लागली.

जुनी देणी, नवी स्वप्ने

निधीची चणचण हा या प्रश्नाचा दुसरा भाग आहे. २०२५-२६ च्या ६ लाख ८१ हजार कोटींच्या तरतुदीत निवृत्तिवेतनाचा वाटा १ लाख ६० हजार कोटींचा, तर भांडवली खर्चाचा वाटा जेमतेम २६ टक्के होता. या भांडवली रकमेतूनही आधी जुन्या करारांचे हप्ते द्यावे लागतात. २०१८ मध्ये उपलष्करप्रमुखांनी संसदेच्या स्थायी समितीपुढे हीच व्यथा मांडली होती. लष्कराच्या आधुनिकीकरणासाठी २१ हजार ३३८ कोटी मिळाले, पण चालू असलेल्या १२५ योजनांची देणीच २९ हजार ३३ कोटींची होती. लष्कराकडील ६८ टक्के सामग्री जुनाट असल्याचेही तेव्हा सांगण्यात आले.

यावर उपाय सुचविले गेले नाहीत असे नाही. व्यपगत न होणारा २५ हजार कोटींचा संरक्षण आधुनिकीकरण निधी जसवंत सिंग यांनी २००४ च्या हंगामी अर्थसंकल्पातच मांडला होता. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी संरक्षण व अंतर्गत सुरक्षेकरिता २ लाख ३८ हजार कोटींच्या निधीची शिफारस केली आणि सरकारने ती तत्त्वतः मान्यही केली. तरीही मंत्रालयाचा कारभार वार्षिक तरतुदींवरच चालत राहिला. सुटे भाग, दारूगोळा व दुरुस्ती यांच्या महसुली खरेदीसाठी मात्र नवी नियमावली १ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, ही स्वागतार्ह बाब होय.

तथापि, नियम बदलण्याइतकेच मोजपट्टी बदलणेही गरजेचे आहे. प्रत्येक तिमाहीला किती टक्के निधी खर्च झाला आणि किती कोटींचे करार झाले, एवढेच जाहीर होत राहिले तर प्रशासन तेवढ्याचीच चिंता वाहील. त्या तिमाहीत किती विमाने, तोफा आणि पाणबुड्या मिळणे ठरले होते, किती मिळाल्या आणि उर्वरित कोणत्या टप्प्यावर अडल्या, याचा तक्ता गोपनीयता राखून निदान संसदेच्या स्थायी समितीपुढे दर तीन महिन्यांनी ठेवता येईल. निधी परत न जाणे ही मंत्रालयाची किमान जबाबदारी झाली. मिग-२१ च्या जागी कोणते विमान आणि केव्हा, याचे उत्तर खर्चाच्या टक्केवारीतून मिळणार नाही. ते हवाई दलाच्या तळावर उतरलेल्या विमानांच्या संख्येतूनच मिळेल.