सूक्ष्मदर्शक आला, घसाऱ्याचे काय?

साखर कारखान्यांचा गाळप हंगाम संपला की आपल्या जिल्ह्यात दुरुस्तीचा हंगाम सुरू होतो. धुराडी थंडावतात, पण रोलर, पंप, टर्बाइन उघडून पाहिली जातात आणि झिजलेले भाग बदलले जातात. यंत्र बंद पडले म्हणून ही दुरुस्ती होत नाही. पुढच्या हंगामात ते बंद पडू नये म्हणून होते. विठ्ठलराव विखे पाटलांच्या प्रयत्नांतून उभा राहिलेला प्रवरेचा कारखाना 1950-51 च्या हंगामात सुरू झाला आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. ताळेबंदातील ‘घसारा’ हा शब्द त्यामुळे येथील सभासदाला परका नाही. यंत्र दरवर्षी थोडे थोडे संपत असते आणि त्या संपण्याची किंमत दरवर्षी बाजूला काढावी लागते, हे त्याला ठाऊक असते.

हे व्यवहारी शहाणपण आपल्या प्रयोगशाळांच्या उंबरठ्याशी मात्र अडखळते. काही काळापूर्वी एका सामायिक संशोधन प्रयोगशाळेत जाण्याचा योग आला. तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण दोष त्या एका संस्थेचा नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी अनुदानातून घेतलेला संगणक-नियंत्रित सूक्ष्मदर्शक तेथे प्लॅस्टिकच्या आवरणाखाली झाकून ठेवला होता. त्याची भिंगे निर्दोष होती. बिघडला होता तो शेजारचा संगणक. त्यातील जुने कार्ड नव्या संगणकात बसत नव्हते आणि जुनी आज्ञावली नव्या प्रणालीवर चालत नव्हती. विक्रेत्याचे उत्तर एवढेच, की हे मॉडेल आता बंद झाले आहे. डाळिंबाच्या रोगावर संशोधन करणारी एक विद्यार्थिनी त्यामुळे नमुने घेऊन पुण्याच्या खेपा घालीत होती. शिष्यवृत्तीची मुदत यंत्राच्या दुरुस्तीसाठी थांबत नसते.

या यंत्राला दोन वये असतात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. भिंगे आणि धातूचा सांगाडा नीट राखल्यास अनेक दशके टिकतो. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी चढू न देणे हे त्यातले मोठे पथ्य. संगणकाचे आयुष्य मात्र फार अल्प. विंडोज एक्सपी या प्रणालीला मायक्रोसॉफ्टने दिलेला आधार 8 एप्रिल 2014 रोजी संपला, विंडोज 7 चा 14 जानेवारी 2020 रोजी, तर विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी. म्हणजे डोळे शाबूत असलेला सूक्ष्मदर्शक केवळ मेंदू म्हातारा झाला म्हणून निकामी ठरतो.

महागडी यंत्रे सर्वांनी मिळून वापरावीत, हा विचार आपल्याकडे नवा नाही. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने सत्तरच्या दशकातच प्रादेशिक उपकरण केंद्रांची योजना आखली आणि पवईच्या आय.आय.टी.त तसे केंद्र निघाले. जानेवारी 2020 मध्ये देशातील संशोधन उपकरणांची माहिती देणारे ‘आय-स्टेम’ हे संकेतस्थळ सुरू झाले. 2022 मध्ये याच विभागाने उपकरणांचा सामायिक वापर आणि देखभाल यांविषयी मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. धोरणाची वाण नाही. वाण आहे ती ताळेबंदातील एका ओळीची. अनुदान खरेदीसाठी मिळते, उद्घाटन होते, उपयोगिता प्रमाणपत्र रवाना होते आणि यंत्राची नोंद ‘डेड स्टॉक’च्या वहीत होते. ‘डेड’ हा शब्द तेथे काहीशा घाईने लिहिला जातो एवढेच.

आता थोडा हिशेब मांडू. समजा, यंत्राची किंमत 1 कोटी रुपये आहे आणि आयुष्य 10 वर्षे. म्हणजे वार्षिक घसारा 10 लाख रुपये. देखभाल करार, सुटे भाग, वातानुकूलन व वीज यांस 6 लाख धरले, तर वर्षाचा खर्च 16 लाख होतो. यंत्र वर्षाला 1,000 तास चालले, तर तासाला 1,600 रुपये पडतात. 200 तासच चालले, तर 8,000. सामायिक वापराचे खरे समर्थन या दोन आकड्यांतील अंतरात आहे. शिवाय ही यंत्रे बहुधा परदेशी. 2010 साली सुमारे 46 रुपयांना मिळणारा डॉलर 2025 मध्ये 85 रुपयांच्या वर गेला. त्यामुळे जुन्या किमतीवर काढलेला घसारा नव्या खरेदीस पुरत नाही. त्यातच सार्वजनिक संशोधन संस्थांच्या उपकरणांना असलेली 5 टक्के जीएसटीची सवलत 18 जुलै 2022 पासून काढून घेण्यात आली.

हा सर्व खर्च वापरणाऱ्यांकडून वसूल करावा, असे काही जण सुचवतील. तो मार्ग सरळ दिसतो, पण न्याय्य नाही. जामखेड वा पाथर्डीच्या महाविद्यालयातून आलेल्या विद्यार्थ्याला तासाचे 1,600 रुपये कोठून परवडणार? उलट सारे फुकट ठेवले, तर यंत्राचा कोणी वाली राहत नाही. म्हणून चालू खर्चाचा वाटा वापरणाऱ्याने, ऐपतीप्रमाणे कमी-अधिक दराने, उचलावा. आणि घसाऱ्याचा भार अनुदान देणाऱ्याने मूळ मंजुरीतच स्वीकारावा. ही रक्कम स्वतंत्र निधीत राहावी. संस्थेच्या रंगरंगोटीकडे ती वळवता येऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ग्रामीण भागात मुळात उपकरणेच थोडी असताना देखभालीसाठी पैसा अडकवला, तर नव्या संस्थांच्या वाट्यास काय येणार? या आक्षेपामागील तळमळ खरी आहे. परंतु झाकून ठेवलेल्या दहा यंत्रांपेक्षा चालणारी चार यंत्रे विद्यार्थ्याच्या अधिक उपयोगाची असतात, हेही तितकेच खरे.

यंत्र बदलावे केव्हा, याचाही विवेक हवा. नवे मॉडेल आकर्षक दिसते म्हणून नव्हे, आणि जुने पूर्ण बंद पडेपर्यंत थांबूनही नव्हे. दुरुस्ती आणि वाया गेलेले तास यांची वार्षिक किंमत नव्या यंत्राच्या वार्षिक खर्चाहून अधिक होऊ लागली, की बदलण्याची वेळ आली असे समजावे. तोवर संगणक तेवढा बदलता येतो काय, हे पाहावे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रयोगशाळेत तयार झालेली ‘मायक्रो-मॅनेजर’ ही मुक्त आज्ञावली निरनिराळ्या कंपन्यांचे अनेक सूक्ष्मदर्शक चालवते. जुना संगणक इंटरनेटपासून दूर ठेवणे, त्याच्या डिस्कची प्रत काढून ठेवणे, जुनी कार्डे भंगारात न घालणे, ही कामे फारशी खर्चाची नाहीत. त्यांना हवा असतो तो कायम नेमणुकीचा, प्रशिक्षित आणि मान असलेला तंत्रज्ञ. कंत्राटी माणूस अकरा महिन्यांत यंत्राचा स्वभाव ओळखतो आणि बाराव्या महिन्यात निघून जातो.

राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, लोणीला वैद्यकीय शिक्षणाचे केंद्र आहे, नगर शहरात 1947 पासूनचे महाविद्यालय आहे. या संस्थांना एकत्र येऊन जिल्ह्यापुरता देखभाल निधी आणि तंत्रज्ञांचे एक पथक उभारणे अशक्य नाही. सहकाराचा धडा महाराष्ट्राला देणाऱ्या जिल्ह्याने एवढे तरी करून दाखवावे.